घोटाचे मोजमाप

मनुष्य दिवसातून सुमारे ६०० वेळा गिळतो, आणि त्यांपैकी बहुतेक वेळा आपण काही गिळले याची त्याला जाणीवही नसते; कारण घास जिभेच्या मुळापलीकडे सरकला की त्याच्यावरचा आपला अंमल संपतो आणि पुढचा सगळा कारभार मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेच्या हाती जातो. हा कारभार एका सेकंदाच्या आत उरकतो. तेवढ्या अवधीत नाकाकडची वाट मिटली पाहिजे, श्वास थांबला पाहिजे, स्वरयंत्र वर उचलले जाऊन त्याचे द्वार बंद झाले पाहिजे, एरवी घट्ट आवळलेले अन्ननलिकेचे तोंड उघडले पाहिजे, आणि घास पलीकडे गेल्याबरोबर हे सर्व पुन्हा पूर्वस्थितीला आले पाहिजे. पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या या कामी राबतात. त्यांच्या क्रमात किंचित चूक झाली तर साधा ठसका लागतो; तोच क्रम पक्षाघाताने किंवा मज्जातंतूंच्या विकाराने कायमचा बिघडला, तर अन्नाचे कण व लाळ श्वासमार्गाने फुप्फुसांत उतरू लागतात आणि न्यूमोनियाने मृत्यू ओढवू शकतो. इतकी नित्याची आणि इतकी जोखमीची क्रिया दीर्घकाळ अज्ञात राहिली याचे कारण ती देहाच्या आत झाकलेली होती आणि डोळ्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने घडत होती, हे आहे. म्हणूनच तिच्या ज्ञानाचा इतिहास हा मुख्यतः उपकरणांचा इतिहास आहे, आणि प्रत्येक पिढीने गिळण्याविषयी जो सिद्धांत मांडला त्यावर तिच्या हातातल्या उपकरणाची मुद्रा उमटलेली आहे, असे मला हा सारा वृत्तांत वाचताना पदोपदी जाणवत आले आहे.

आरंभी उपकरण एकच होते, शस्त्रक्रियेची सुरी. स्वरयंत्रावरचे झाकण खाली पडते व त्यामुळे अन्न श्वासनलिकेत जात नाही, अशी परंपरागत समजूत होती. पॅरिस येथे फ्रान्स्वा माजांदी याने १८१३ साली कुत्र्यांच्या घशातील ते झाकण कापून काढले. आणि ते कुत्रे पुढेही बिनघोर गिळत राहिले. स्वरयंत्राचे रक्षण मुख्यतः त्याचे स्वतःचेच स्नायू करतात, हे या प्रयोगाने दाखवले. त्याच दशकात निघालेल्या आपल्या ग्रंथात माजांदीने गिळण्याचे मुखातील, घशातील व अन्ननलिकेतील असे तीन टप्पे पाडून दिले, आणि ते विभाजन आजही पाठ्यपुस्तकांत चालते. परंतु सुरीने अवयवाची गरज आहे की नाही एवढेच कळते. कोणता स्नायू केव्हा आणि किती जोराने काम करतो याचा तपशील तिच्या आटोक्याबाहेरचा होता.

तो तपशील हाती येण्यासाठी काळाची नोंद करणारे यंत्र हवे होते, आणि ते १८४७ साली कार्ल लुडविग याने जर्मनीत सिद्ध केले. काजळी धरलेला कागद गुंडाळलेले एक नळकांडे घड्याळाच्या गतीने फिरत राहते आणि त्यावर एक हलकी लेखणी दाबाचा चढउतार पांढऱ्या रेषेने कोरत जाते, अशी त्याची रचना होती. पुढे एतिएन-झ्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर रबराचा पडदा ताणलेली एक चपटी डबी या लेखणीला जोडली, त्यामुळे नळीतल्या हवेचा हलकासा दाबही दूरच्या कागदावर उमटू लागला. लुडविगच्या यंत्राच्याच सुमारास, १८४९ मध्ये, बर्लिनच्या एमिल द्यू ब्वा-रेमाँ याने माणसाच्या स्नायूतील विजेचा पहिला दाखला मिळवला होता. दोन्ही हात क्षारयुक्त पाण्यात बुडवून एका बाहूचे स्नायू आवळले की गॅल्व्हानोमीटरची सुई हलते, हे त्याने दाखवले; कातडीचा विरोध कमी व्हावा म्हणून त्याने स्वतःच्या हातावर फोड आणून तिथली त्वचा काढून टाकली, तेव्हा ती सुई पूर्वीपेक्षा बरीच अधिक हलली. अशा रीतीने दाब मोजण्याची व विद्युत् मोजण्याची अशा दोन्ही विद्या एकाच देशात, जवळजवळ एकाच वेळी जन्मल्या. पण सुई फार मंद होती, घसा फार चपळ होता, आणि त्यामुळे पुढची कित्येक दशके गिळण्याच्या अभ्यासात दाबानेच एकट्याने वाट चालली.

ती वाट खऱ्या अर्थाने सुरू झाली तीही द्यू ब्वा-रेमाँच्याच संस्थेत. ह्यूगो क्रोनेकर हा तेथे एका विभागाचा प्रमुख होता. त्याने प्रथम फाल्क नावाच्या सहकाऱ्याबरोबर १८८० मध्ये, गिळताना मुखाच्या मागील भागात सुमारे २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब निर्माण होतो असे मोजून काढले. त्यानंतर त्याच्याकडे सॅम्युएल मेल्ट्झर हा लिथुआनियातून आलेला, नुकताच वैद्यकीचा अभ्यासक्रम पुरा करीत असलेला तरुण कामाला लागला, आणि गिळण्याच्या इतिहासातील सर्वांत धाडसी म्हणावी अशी प्रयोगमाला त्या दोघांनी मिळून पार पाडली. प्रयोगाचा विषय मेल्ट्झरचा स्वतःचाच घसा होता. नळीच्या टोकाला बांधलेला एक लहानसा रबरी फुगा त्याने घशात ठेवायचा, दुसरा अन्ननलिकेत निरनिराळ्या खोलीवर उतरवायचा, दोन्ही नळ्या मारेच्या डब्यांना जोडायच्या, आणि त्या अवस्थेत, ओकारी दाबून धरून, पाण्याचा एक घोट घ्यायचा. ज्याने कधी दवाखान्यात नाकातून नळी घालून घेतली असेल त्याला या तरुणाच्या सहनशक्तीची कल्पना येईल.

काजळीच्या कागदावर जे उमटले ते त्या काळच्या समजुतीला धक्का देणारे होते. अन्ननलिकेचे स्नायू वरून खाली क्रमाक्रमाने आवळत जातात आणि त्या संकोचाच्या लाटेवर अन्न उतरते, असे सर्व मानीत आले होते. पण मेल्ट्झरने पाणी गिळताच वरच्या आणि खालच्या दोन्ही फुग्यांच्या लेखण्या जवळजवळ एकाच क्षणी उसळल्या. नंतर खालची लेखणी काही काळ स्वस्थ राहिली, आणि मग सावकाश दुसऱ्यांदा चढली. फुगा जितका खोल, तितका हा दुसरा चढ उशिरा येई. तळाशी तो घोटानंतर सुमारे ६ सेकंदांनी पोहोचे. याचा अर्थ स्पष्ट होता. संकोचाची लाट खरी होती, परंतु पाणी तिच्या कितीतरी आधी खाली पोहोचून गेलेले होते. मुखातील आणि हनुवटीखालचे स्नायू एकदम आवळून पाणी पिचकारीसारखे खाली सोडतात, आणि मागाहून येणारी लाट केवळ उरलेसुरले झाडून नेते, असा निष्कर्ष क्रोनेकर व मेल्ट्झर यांनी १८८३ साली प्रसिद्ध केला. त्याच प्रबंधात आणखी एक सूक्ष्म गोष्ट होती. एकामागून एक घोट घेत गेल्यास प्रत्येक नवा घोट आधीच्या घोटाची लाट थोपवतो आणि शेवटच्या घोटानंतरच एक संपूर्ण लाट खाली उतरते. आवळण्याचा हुकूम देणारे केंद्र थांबण्याचाही हुकूम देते, हा त्यातला आशय. मेल्ट्झरला त्याचे मोल बरोबर कळले होते. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १८८८ मध्ये त्याने एका रुग्णाच्या जठराच्या तोंडाशी अन्न अडकण्याचे कारण हा थांबण्याचा हुकूम न पोहोचणे हेच असावे असे सुचवले, आणि पुढील शतकाने त्याच्या या तर्काला पुष्कळ अंशी दुजोरा दिला.

या हुकमाचा उगम कोठे, याचे उत्तर तोवर इटलीतून येऊन चुकले होते. तुरीनच्या आंजेलो मोस्सो याने १८७६ मध्ये कुत्र्याची अन्ननलिका मध्येच कापून दोन तुकडे केले, तरी लाट वरच्या तुकड्यावरून निघून कापलेली जागा ओलांडून खालच्या तुकड्यात नेमक्या वेळी उमटली. स्नायूने स्नायूला ढकलावे असा हा मामला नव्हता. प्रत्येक तुकड्याला आपापला आदेश वरून स्वतंत्रपणे मिळत होता.

पिचकारीचा सिद्धांत मोठा लोकप्रिय झाला, आणि लोकप्रिय सिद्धांताप्रमाणेच तो आपल्या हद्दीबाहेर ताणला गेला. फुग्याने पाणी मोजले होते. भाकरीचा घास त्याने कधी मोजलाच नव्हता. ती उणीव क्ष-किरणांनी भरून काढली. १८९५ च्या अखेरीस रंटगेनचा शोध जाहीर झाला आणि वर्षभरातच, डिसेंबर १८९६ मध्ये, हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत पहिल्या वर्षाला शिकणारा वॉल्टर कॅनन हा आपला सहाध्यायी आल्बर्ट मोझर याच्यासह बदकाच्या जातीच्या एका मोठ्या पक्ष्याला बिस्मथ मिसळलेले अन्न भरवून त्याच्या लांब मानेतून उतरणारी सावली चमकणाऱ्या पडद्यावर पाहू लागला. मांजर, कुत्रा, घोडा आणि मनुष्य अशी ही निरीक्षणे वाढत गेली, आणि १८९८ च्या त्यांच्या निबंधाने दोन्ही पक्षांना आपापल्या जागी बसवले: माणसात पातळ पदार्थ खरोखरच वेगाने सुटतो, पण घट्ट घास लाटेच्या स्वाधीन असतो. ज्या विकाराने कॅननचा १९४५ मध्ये अंत झाला त्याचा संबंध तरुणपणी अंगावर घेतलेल्या या क्ष-किरणांशी जोडला जातो. एवढी किंमत देऊनही सावलीने गती दाखवली, बळ दाखवले नाही. कोणत्या स्नायूने तो घास ढकलला याविषयी पडदा मूकच राहिला.

विजेची वाट मोकळी झाली ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. १९२२ मध्ये गॅसर व अर्लँगर यांनी कॅथोड किरणांचा दोलनलेखक मज्जातंतूंच्या कामी लावला. या किरणाला सुईसारखे वजन नसल्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागातील बदलही तो टिपू शके. १९२९ मध्ये एड्रियन व ब्राँक यांनी पोकळ सुईच्या आत तार बसवून जिवंत स्नायूच्या आतली वीज पकडण्याची युक्ती काढली. तरीही घशाकडे कोणी वळले नाही. तिकडे वळायला भाग पाडले ते एका रोगाच्या साथीने.

१९५२ साली अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण झाले. या रोगाचा हल्ला लंबमज्जेवर झाला म्हणजे रुग्णाला स्वतःची लाळही गिळता येत नसे, ती घशात साचे आणि श्वासाबरोबर आत ओढली जाई. हातपाय शाबूत असलेली मुले अशा रीतीने दगावत. युटा विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ जेम्स बोस्मा हे या रुग्णांच्या घशांच्या पक्षाघाताची बारकाईने तपासणी करीत होते, आणि नेमके कोणते स्नायू निकामी झाले असता काय बिघडते हे ठरवायचे तर निरोगी प्राण्यात ते कोणत्या क्रमाने काम करतात याचा नकाशा आधी हवा, ही गरज त्यांच्याइतकी कोणाला भासली नसेल. त्याच विद्यापीठातील रॉबर्ट डोटी या तरुण मज्जाशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध म्हणजे हा नकाशा होय.

भूल दिलेल्या कुत्र्यांच्या, मांजरांच्या व माकडांच्या घशातील एकेका स्नायूत त्यांनी बारीक तारा रोवल्या, स्वरयंत्राकडे जाणाऱ्या वरच्या मज्जातंतूला विजेचे ठोके देऊन किंवा घशात पाणी सोडून गिळण्याची क्रिया घडवली, आणि अनेक स्नायूंच्या विजेच्या नोंदी एकाखाली एक घेतल्या. हनुवटीखालचे स्नायू, जिभेचा मागचा भाग आणि घशाचा सर्वांत वरचा आवळणारा स्नायू यांचा एक अग्रगट जवळजवळ एकाच क्षणी जागा होतो, आणि पाव ते अर्धा सेकंद काम करतो. त्याच्या मागोमाग घशाचे मधले व खालचे स्नायू ठरल्या अंतराने पाठोपाठ येतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला वर्तुळाकार स्नायू मात्र उलट वागतो: इतर सर्व जागे असताना तो स्तब्ध होतो, आणि घास पलीकडे गेल्यावर जोराने परत आवळतो. या निबंधातील खरा चमत्कार यापुढचा आहे. गिळण्याची प्रेरणा कोणत्याही मार्गाने दिली, जीभ किंवा कंठाचे हाड ओढून धरले, एखादा स्नायू कामातून काढून टाकला, तरी उरलेल्यांचा क्रम ढळला नाही. म्हणजे ही क्रिया घशात पायरीपायरीने ठरत नाही. ती संपूर्ण लिहिलेल्या फर्मानासारखी लंबमज्जेतून एकदाच सुटते. मोस्सोने ऐंशी वर्षांपूर्वी अन्ननलिकेविषयी जे सुचवले, ते येथे घशाविषयी सिद्ध झाले. आणि क्रोनेकरने केवळ दाबाच्या रेषेवरून ज्यांच्याकडे बोट दाखवले होते ते हनुवटीखालचे स्नायू खरोखरच आघाडीवर निघाले. पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, कॅनडातील बस्माजियन व दत्ता यांनी माणसाच्या घशातील आवळणाऱ्या स्नायूंची विद्युत्-नोंद घेतली.

आता हुकूम ऐकू येत होता, पण त्याची अंमलबजावणी किती जोराने होते हे कळत नव्हते, आणि इकडे दाबमापनाची गती खुंटली होती. मेयो क्लिनिकमध्ये चार्ल्स कोड व त्यांचे सहकारी फाइक यांनी १९५५ मध्ये बारीक नळ्या सावकाश वर ओढत घसा व अन्ननलिका यांच्या सांध्याशी एक उच्च दाबाचा पट्टा शोधून काढला. तेथील दाब विश्रांतीत चढलेला असतो, घोटाबरोबर कोसळतो आणि लगेच पूर्वीपेक्षा वर जातो. शोध मोठा, पण त्यावर शंकाही तितक्याच मोठ्या. पाण्याने भरलेली नळी अन्ननलिकेच्या सावकाश लाटेसाठी पुरेशी होती. घशातील दाब मात्र सेकंदाच्या लहानशा अंशात पाऱ्याच्या शेकडो मिलिमीटरपर्यंत चढून उतरतो, आणि नळी तो वेग गाठेपर्यंत घोट संपलेला असतो. १९७२ मध्ये विनान्स यांनी आणखी एक अडचण उघड केली: या पट्ट्याचा, म्हणजे अन्ननलिकेच्या द्वाराचा, दाब पुढून व मागून अधिक आणि बाजूंनी कमी असतो, तेव्हा नळीचे छिद्र कोणत्या दिशेला आहे यावर आकडा बदलतो. सर्वांत कठीण गोष्ट अशी की गिळताना स्वरयंत्राबरोबर ते द्वारच वर सरकते आणि मोजणारे छिद्र आपल्या जागी मागे राहते. मग कागदावर दिसलेला दाबाचा उतार हा द्वार शिथिल झाल्याचा, की द्वार मापकावरून निसटल्याचा?

या प्रश्नाने दोन दशके तज्ज्ञांना गुंतवून ठेवले, आणि त्याची सोडवणूक अनेकांच्या हातून थोडीथोडी झाली. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेंट यांनी १९७६ मध्ये एका लांबट पातळ पडद्याचा मापक बनवला. द्वार थोडे सरकले तरी ते पडद्याच्या लांबीतच राहते. मिलवॉकी येथील वाइली डॉड्स यांच्या गटाने नळीच्या टोकाशीच बसवलेले सूक्ष्म विद्युत्-मापक घशात वापरून तेथील दाबाचा खरा वेग व खरी उंची प्रथम दाखवली. शेवटची पायरी म्हणजे दाबाची रेषा आणि क्ष-किरणांचे चलच्चित्र एकाच घड्याळावर बांधणे. १९८८ मध्ये अटलांटाच्या फ्रेड मॅकोनेल यांनी ही जोडणी करून दाखवले की घासाला मागून जिभेचा दट्ट्या रेटतो आणि स्वरयंत्र पुढे-वर उचलले जात असताना खालच्या घशात जी ओढ निर्माण होते तीही घासाला पुढे नेते. पुढच्याच वर्षी मिलवॉकीत इयन कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वाराचे कोडे उलगडले. वर्तुळाकार स्नायू प्रथम सैल पडतो, पण सैल पडणे म्हणजे उघडणे नव्हे. सुमारे एक दशांश सेकंदानंतर कंठाचे हाड पुढे व वर खेचले जाते आणि ते द्वाराची पुढची भिंत ओढून वाट मोकळी करते, आणि मग घासाचा स्वतःचा दाब ती वाट रुंद करतो. डोटी व बोस्मा यांना विजेत जी स्तब्धता दिसली होती ती या कार्याची केवळ पहिली पायरी होती. उघडण्याचे बळ दुसरीकडून येत होते, आणि ते हनुवटीखालच्या त्याच स्नायूंचे होते.

ही गोष्ट लहान दिसते, पण रुग्णाच्या दृष्टीने तिने सर्व चित्र पालटले. द्वार उघडत नाही म्हणजे ते घट्ट आहे, तेव्हा ते कापावे, एवढाच विचार शल्यवैद्यांसमोर असे. आता ज्याच्या कंठाचे हाड पुरेसे उचललेच जात नाही अशा रुग्णाला सुरीचा फारसा उपयोग नाही, त्याला स्नायूंचे बळ हवे, हे कळू लागले. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जेरी लोगमन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथातून क्ष-किरणांखाली बेरियमच्या घासांची पद्धतशीर तपासणी व गिळण्याचे शिक्षण यांचा पाया घालून दिलाच होता. गिळताना स्वरयंत्र मुद्दाम वर धरून ठेवण्याची मेंडेलसन यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रिया आता दाबाच्या व चित्राच्या पुराव्यानिशी शिकवता येऊ लागली. हनुवटीखाली चिकटवलेल्या पट्ट्यांमधून येणारी विजेची रेषा रुग्णाला समोरच्या पडद्यावर दाखवून, आपला प्रयत्न किती काळ टिकला हे त्याच्याच डोळ्यांना पाहू देण्याची प्रथा पडली. तुर्कस्तानातील इझमीरच्या जुम्हूर एर्तेकिन यांनी त्याच पट्ट्यांच्या जोडीला स्वरयंत्राची हालचाल टिपणारा मापक गळ्यावर लावून १९९६ मध्ये एक साधी कसोटी दिली: निरोगी माणूस २० मिलिलिटर पाणी एका घोटात गिळतो, ज्याला ते दोन किंवा अधिक घोटांत तोडावे लागते त्याच्या गिळण्यात दोष आहे. त्याच वर्षी मँचेस्टरच्या शाहीन हमदी यांनी मेंदूला चुंबकीय ठोके देऊन घशातील विजेची नोंद घेतली. घशाचे प्रतिनिधित्व मेंदूच्या दोन्ही अर्धांत असले तरी बहुतेकांत ते एका बाजूला अधिक असते, असे तीत दिसले, आणि एकाच बाजूला झालेल्या पक्षाघाताने काहींचे गिळणे जाते व काहींचे शाबूत राहते याचा उलगडा झाला.

दाबमापनानेही त्यानंतर मोठा पल्ला गाठला. सेंट लुइसच्या रे क्लाउज यांच्या प्रयत्नांतून एकेका सेंटिमीटरवर बसवलेल्या ३६ मापकांची नळी तयार झाली, आणि रेषांच्या जागी घशापासून जठरापर्यंतचा दाब रंगांच्या नकाशात दिसू लागला. तरी दोन मर्यादा राहिल्या आहेत, आणि त्या लपवून ठेवणे योग्य नव्हे. नाकातून घातलेली नळी कितीही बारीक असली तरी ती घशाला परकीच असते, आणि तिच्या उपस्थितीत गिळलेला घोट सर्वस्वी स्वाभाविक नसतो. मेल्ट्झरच्या फुग्याची हीच त्रुटी होती, ती आज कमी झाली आहे, नाहीशी झालेली नाही. त्वचेवर चिकटवलेल्या पट्टीला हनुवटीखालच्या तीन-चार स्नायूंची वीज एकत्र ऐकू येते, वेगवेगळी नाही. म्हणून एकाच साधनावर निकाल देणारा चिकित्सक आजही चुकू शकतो, आणि दाब, विद्युत् व चित्र हे तीन साक्षीदार एकत्र तपासण्याचा आग्रह मला रास्त वाटतो.

या सर्व मोजमापातून जी सर्वांत साधी गोष्ट निघाली तिला ना नळी लागते ना वीज. मिलवॉकीच्याच रेझा शाकेर यांनी १९९७ मध्ये असा विचार केला, की हनुवटीखालचे स्नायू जर द्वार उघडत असतील तर त्यांना व्यायाम देऊन द्वार अधिक उघडता आले पाहिजे. रुग्णाने उताणे निजावे, खांदे जमिनीला टेकलेलेच ठेवून फक्त डोके इतके उचलावे की पायाची बोटे दिसतील. एक मिनिट तसेच धरावे, मिनिटभर विसावा घ्यावा, असे तीनदा करावे, मग डोके तीस वेळा उचलून खाली ठेवावे. हे दिवसातून तीनदा, सहा आठवडे. वृद्ध पण निरोगी माणसांत द्वाराची रुंदी याने वाढल्याचे प्रथम चित्रांवरून दिसले, आणि २००२ मध्ये त्याच गटाने, ज्यांचे अन्नपाणी नळीवाटे चालू होते अशा रुग्णांना या व्यायामानंतर पुन्हा तोंडाने जेवता आल्याची नोंद प्रसिद्ध केली.